वाचनालयात खेळाचं कपाट हवं

जर्मनीतल्या एसेन शहरात दरवर्षी ऑक्टोबरात, गुरुवार ते रविवार, माणसं नुसती खेळायला जमतात. मैदानावर नाही आणि पडद्यासमोरही नाही, टेबलाभोवती. पत्ते, सोंगट्या, फासे, पट यांचा हा मेळा. त्याचं नाव 'श्पील'. २०२४ साली त्या चार दिवसांत २ लाख ४ हजार माणसं तिथे येऊन गेली आणि नऊशेहून अधिक प्रकाशक-विक्रेत्यांनी आपले खेळ मांडले होते. तीन जुन्या मित्रमैत्रिणींबरोबर मी तो मेळा पाहिला, त्यात खेळले, आणि परत आल्यापासून एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. महाराष्ट्रातल्या प्रत्येक सार्वजनिक वाचनालयात पुस्तकांच्या कपाटांशेजारी खेळांचं एक कपाट हवं, आणि त्याच्यासमोर सहा जण बसतील एवढं टेबल. तालुक्याच्या एका गावातल्या वाचनालयाच्या कार्यकारिणीत मी काम करते आणि पॉलिटेक्निकमध्ये शिकवते. त्या दोन्ही नात्यांनी हे लिहिते आहे.

आम्ही चौघं इंजिनिअरिंगला एका वर्गात होतो. एक जण पुष्कळ वर्षं ड्युसेलडॉर्फला आहे. तिथून एसेन ट्रेनने अर्ध्या तासावर, त्यामुळे 'एकदा याच' हा त्याचा धोशा. दुसरा बँकेतून निवृत्त झालेला. तिसरी माझी होस्टेलची रूममेट, आता ठाण्याला असते. कॉलेजात असताना मुलांच्या होस्टेलवर मेंढीकोटचे डाव रात्र रात्र रंगायचे, आमच्या होस्टेलवर आमचे. मध्ये कंपाउंडची भिंत. चार वर्षं एका वर्गात बसलो, पण हातात पत्ते घेऊन एका टेबलावर कधी बसलो नव्हतो. तो योग थेट एसेनला आला.

एसेन स्टेशनवरून यू-अकरा नंबरची मेट्रो पकडायची आणि प्रदर्शन केंद्राशी उतरायचं. मेट्रोतच कळतं की सगळे कुठे निघालेत. रिकाम्या बॅगा, ढकलगाड्या, पाठीला सॅक, कडेवर पोरं. आत गेल्यावर एकामागून एक मोठमोठे हॉल, आणि त्यांत जिकडे पाहावं तिकडे टेबलं. पुस्तक प्रदर्शनात आपण पुस्तक चाळून पाहतो, तसा इथे खेळ खेळून पाहतात. जवळपास प्रत्येक टेबलाशी नियम समजावून सांगणारं कुणीतरी उभं असतं, बहुतेक विद्यार्थी. तुम्ही बसायचं. तो पाच-दहा मिनिटांत खेळ सांगतो आणि बाजूला होतो. अडलात की परत येतो. अनोळखी माणसाला शेजारची खुर्ची देणं ही तिथली रीतच आहे. टेबल मिळेपर्यंत मात्र उभं राहावं लागतं, कधी कधी बराच वेळ.

आम्हाला मिळालेल्या टेबलावर 'द क्रू' नावाचा पत्त्यांचा खेळ होता. थोमास झिंग यांनी तो रचला आणि २०२० साली जर्मनीत जाणत्या खेळाडूंसाठीचा पुरस्कार त्याला मिळाला. चार रंग, प्रत्येकात एक ते नऊ आकड्यांची पानं, आणि वर चार रॉकेटं. रॉकेट म्हणजे हुकूम. उतारी झालेल्या रंगाचं पान द्यायचं, नसेल तर कुठलंही टाकायचं किंवा हुकूम मारायचा. ज्याला मेंढीकोट येतो त्याला याहून जास्त काही सांगावं लागत नाही. फरक एवढाच की इथे सगळे एका बाजूला असतात. ठरावीक माणसाने ठरावीक पान जिंकलं तर सगळे जिंकले, नाही तर सगळे हरले. आणि आपल्या हातात काय आहे ते बोलायचं नाही. एका डावात एकदाच एक पान उलगडून समोर ठेवता येतं. त्यावर एक छोटी चकती ठेवून खूण करायची, की हे माझं या रंगातलं सगळ्यात मोठं पान आहे, सगळ्यात लहान आहे, की एकुलतं एक.

"बोलायचं नाही म्हणजे नाही हं," ड्युसेलडॉर्फवाल्याने आम्हा दोघींकडे बघत बजावलं.

"मेंढीकोटमध्ये तरी कुठे बोलायची परवानगी होती?" रूममेट म्हणाली. "तुम्ही लोक खोकून खुणा करायचात, ते आमच्या होस्टेलपर्यंत ऐकू यायचं."

पाचवी खुर्ची रिकामी होती. सत्तरी ओलांडलेल्या एक आजी तिच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. बोखुमहून आल्या होत्या. त्यांना इंग्रजी जेमतेम, आमच्यातल्या तिघांना जर्मन शून्य. त्या बसल्या, पत्ते पिसले, वाटले. चाळीस पानं, पाच जणांना आठ-आठ. पिवळ्या तिर्रीचा हात जिंकायचं काम आजींच्या वाट्याला आलं. तिर्री म्हणजे दुबळं पान, आपल्या जोरावर ते कुणाला जिंकता येणार? आमच्या बँकवाल्याने थोडा विचार केला, हातातून ती पिवळी तिर्रीच काढून समोर ठेवली आणि चकती मधोमध ठेवली. माझ्याकडे या रंगाचं हे एकच पान आहे. आजींनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. पुढचा हात त्यांनी निळ्या नव्वीने घेतला, उतारी आपल्याकडे आणली आणि पिवळी नव्वी उतरल्या. आता बँकवाल्याला तिर्री देण्यावाचून गत्यंतर नव्हतं. माझ्याकडे पिवळं पान नव्हतं आणि रॉकेट होतं. मेंढीकोटवर पोसलेला हात अशा वेळी हुकमाकडेच जातो. मी हिरवी दुर्री टाकली. हात आजींचा झाला. त्यांनी टेबलावर दोन्ही तळवे आपटले आणि 'नॉख आइनमाल' म्हणाल्या, अजून एकदा. त्या टेबलावरून आम्ही तासभर हललो नाही.

हा तास मी इतका तपशिलाने सांगते आहे, कारण माझी मागणी त्याच्यावरच उभी आहे. पाच माणसं, दोन देश, पाचही जणांना नीट येणारी एकही भाषा नाही, आणि तरी तासाभरात समोरचा कसा विचार करतो ते प्रत्येकाला कळलेलं. आजी धाडसी आहेत. बँकवाला दुसऱ्याचं आधी बघतो. बँकवाला आमच्या ग्रुपवर महिना-महिना काही लिहीत नाही. निवृत्तीनंतर आपला वेळ फोन खातो, हे त्याने आदल्याच दिवशी स्वतः सांगितलं होतं. त्या टेबलावर त्याचा फोन खिशातून बाहेर आला नाही. माझ्या वर्गातल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांचं सांगायचं तर त्यांच्या खेळाच्या सगळ्या वाटा फोनमधून जातात. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. ती घालायलाच हवी होती. त्या खेळांनी उसनवारीत बुडालेली मुलं मी पाहिली आहेत. पण बंदीने एक दार बंद होतं. संध्याकाळी मोकळा वेळ असलेल्या मुलाने जायचं कुठे, याचं उत्तर कायदा देत नाही. ते गावाने द्यायचं असतं.

'श्पील' आज प्रचंड आहे, पण त्याची सुरुवात बघा. १९८३ साली फ्रीडहेल्म मेर्ट्स यांच्या खेळविषयक नियतकालिकाच्या वाचकांचा मेळावा म्हणून तो सुरू झाला, आणि भरला कुठे, तर एसेनमधल्या प्रौढ शिक्षण केंद्रात. म्हणजे सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या, संध्याकाळी कामगार-कारकुनांना शिकवणाऱ्या संस्थेत. कोळसा आणि पोलाद यांच्यावर उभं राहिलेलं हे शहर. मेळा सुरू झाला तेव्हा तिथल्या खाणी मिटत चालल्या होत्या. त्सोलफेराइन ही प्रसिद्ध खाण १९८६ मध्ये बंद पडली. अशा शहरात वाचकांच्या एका गटाला सार्वजनिक खोली मिळाली आणि त्यातून हे झाड वाढलं. आपल्याकडे अशा खोल्या कमी नाहीत. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. अ, ब, क, ड वर्गांतली हजारो वाचनालयं शासनाच्या अनुदानावर चालतात. त्यातल्या पुष्कळांच्या वाचन कक्षात दुपारनंतर वर्तमानपत्र वाचणारे चार ज्येष्ठ आणि स्पर्धा परीक्षेची मुलं एवढंच दिसतं.

खेळांचं कपाट हा विषय मी कार्यकारिणीत काढला तेव्हा पहिला प्रश्न आला, "मॅडम, वाचनालयात पत्ते?" प्रश्न विचारणारे गृहस्थ सज्जन आहेत आणि त्यांची भीती खोटी नाही. पत्ते म्हटलं की आपल्याला क्लब आठवतो, छापा आठवतो. मात्र आपल्याकडचा जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा असूनही, निव्वळ कौशल्याच्या खेळाला तो आपल्या कक्षेबाहेर ठेवतो. ब्रिटिश सरकारला जो भेद कळला तो आपल्याला कळू नये? आपण तर त्याहून कडक रेघ ओढू: पैसा लावला की जुगार. पैसा नाही तर तो खेळ आहे, आणि खेळ ही बुद्धीची मशागत आहे.

दुसरा आक्षेप जास्त खोलवरचा होता. वाचनालय ग्रंथांसाठी असतं, खेळ ही करमणूक. इथे मला एसेनमध्ये शिकलेली सर्वांत मोलाची गोष्ट सांगायची आहे. तिथे खेळाच्या डब्यावर लेखकाचं नाव असतं. पुस्तकावर असतं तसंच, ठळक. हे आपोआप झालं नाही. १९८८ साली न्यूरेंबर्गच्या खेळणी प्रदर्शनाच्या वेळी तेरा खेळकार एकत्र बसले होते. बिअरच्या पेल्याखाली ठेवतात तो पुठ्ठ्याचा गोल तुकडा त्यांनी घेतला, आणि डब्यावर नाव छापलं नाही तर आम्ही प्रकाशकाला खेळ देणार नाही, असं त्यावर लिहून सह्या केल्या. राइनहोल्ड विटिश यांची ती कल्पना. त्यातून पुढे खेळलेखकांची संघटना उभी राहिली. त्याच्या आधीपासून, १९७९ पासून, 'वर्षाचा सर्वोत्तम खेळ' हा पुरस्कार तिथे दिला जातो. निवड करतात ते समीक्षक, प्रकाशक नव्हेत. पुरस्काराबरोबर रोख रक्कम नसते, पण ती मुद्रा डब्यावर आली की खप लाखांवर जातो. १९९५ साली तो 'कतान'ला मिळाला. क्लाउस टॉयबर यांचा हा खेळ. टॉयबर मूळचे दातांच्या कवळ्या बनवणारे तंत्रज्ञ, घरी तळघरात बसून संध्याकाळी खेळ रचायचे. त्यांच्या खेळाच्या जगभर चार कोटींहून जास्त प्रती गेल्या. लेखक, प्रकाशक, समीक्षक, पुरस्कार, आवृत्त्या आणि वाचनालय असं सगळं ज्या वस्तूभोवती आहे, तिला फक्त करमणूक म्हणून बाजूला सारता येत नाही. ड्युसेलडॉर्फच्या मित्राच्या घराजवळच्या वाचनालयात मी खेळांचं कपाट पाहिलं. पुस्तकासारखेच क्रमांक, पुस्तकासारखीच नोंद, घरी न्यायची मुभा. झाकणाच्या आत सोंगट्या-पत्त्यांची यादी चिकटवलेली, परत करताना मोजून द्यायचे.

आणि आपण? लहानपणी घराघरात 'व्यापार' खेळलेल्या माझ्या पिढीतल्या एकालाही तो कुणी रचला हा प्रश्न पडला नाही. सावंतवाडीला आजही गंजिफा रंगवतात. गोल पानं, दशावतारी संचात दहा अवतारांची प्रत्येकी बारा, म्हणजे एकशेवीस. राजघराण्याने हात दिला म्हणून ती कला टिकली. लोक तो संच काचेच्या चौकटीत लावायला विकत घेतात. त्याने खेळायचं कसं, ते विचारणारा विरळा. लेण्यांच्या ओट्यांवर, किल्ल्यांच्या फरसबंदीवर कोरलेले पट आहेत, त्यांच्यावर आपण बसून डबा खातो. मोक्षपटाचं नातं आपली परंपरा थेट ज्ञानेश्वरांशी जोडते. त्यातूनच आलेला साप-शिडीचा खेळ १८९० च्या दशकात इंग्लंडमध्ये विकायला आला तेव्हा मूळच्या पटावरची शिकवण पातळ झाली होती. पचिसीचा लुडो झाला तोही तिथेच. जर्मनीत तर याची मोठी गंमत पाहायला मिळते. तिथल्या घराघरातला सगळ्यात लाडका खेळ, 'माणसा, चिडू नकोस' अशा अर्थाच्या नावाचा, पचिसीच्याच वंशातला. म्युनिकच्या योझेफ श्मिट यांनी तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेतला आणि पहिल्या महायुद्धात त्याचे तीन हजार संच लष्करी रुग्णालयांना पाठवले. जखमी सैनिक खाटेवर बसून खेळले, घरी जाताना खेळ डोक्यात घेऊन गेले, आणि तो देशभर पसरला. श्मिट यांचं नाव असलेलं प्रकाशन आजही एसेनमध्ये दिसतं. आमच्या रूममेटने तो पट पाहिला आणि म्हणाली, "अगं, ही तर आपली घरं! आजीच्या सारीपाटातली." पट ओळखीचा होता. फक्त त्याची काळजी घेणारे दुसरे होते.

आपल्याकडे आता नवे खेळ होत नाहीत असं मात्र नाही. मुंबईच्या झैन मेमन यांनी रचलेला 'शासन' हा निवडणुकीच्या राजकारणावरचा खेळ २०१९ मध्ये लोकवर्गणीतून उभा राहिला आणि परदेशातही खेळला जातो. पुण्या-मुंबईत बोर्डगेम कॅफे आहेत. पण कॅफेत बसायला पैसे मोजावे लागतात, आणि कॅफे आमच्या गावात नाही. मोठ्या पटाचा खेळ दोन-तीन हजारांच्याही पुढे जाऊ शकतो. एका कुटुंबाने तो विकत घ्यावा आणि चार वेळा खेळून माळ्यावर टाकावा, यापेक्षा गावाने घ्यावा आणि चारशे जणांनी खेळावा. वाचनालयाची कल्पना मुळात याच हिशेबावर उभी आहे.

गावात खेळायला पार आहे, असं मला सांगितलं जातं. आहे ना. त्या पारावर पत्ते कुटणाऱ्यांत तुम्ही कधी बाई पाहिली आहे का? शाळेतून परतणारी मुलगी तिथे थांबून 'मला पण वाटा' म्हणेल का? आमच्या होस्टेलांमधली भिंत पडायला जर्मनीचं तिकीट लागलं, हे मला लागलं. मन लावून खेळणाऱ्या, आकडे तोंडपाठ असणाऱ्या, कुणाकडे कुठलं पान उरलंय ते अचूक सांगणाऱ्या बायका मी माझ्या घरात, वाड्यात, माहेरी-सासरी पाहत आले आहे. लग्नाच्या आदल्या रात्री झब्बू आणि बदाम सात रंगतात, मग वर्षभर त्यांना ना टेबल ना वेळ. वाचनालय ही गावातली अशी जागा आहे, जिथे बाई एकटी गेली तरी कुणी 'कशाला गेली होतीस' असं विचारत नाही. टेबल तिथेच हवं.

एसेनचं सगळं उचलावं असं माझं अजिबात म्हणणं नाही. दार उघडताच नव्या खेळाच्या रांगेकडे धावणारी माणसं, कधी खेळणार ते ठाऊक नसताना भरलेल्या बॅगा, हे मला आवडलं नाही. मुंबईत एखादं मोठं प्रदर्शन भरवून, हजाराचं तिकीट लावून, प्रायोजकांचे फलक टांगून आपण 'खेळसंस्कृती' आणल्याचं समाधान मिळवू शकतो. त्याने तालुक्याच्या गावात काहीही बदलणार नाही. तिथून आणायचं ते टेबल, नियम सांगणारं माणूस आणि शेजारची मोकळी खुर्ची. यातली एकही गोष्ट महाग नाही. नियम सांगायला आमच्या पॉलिटेक्निकची मुलं येतील, मी विचारून ठेवलं आहे.

शासनाकडे माझी मागणी एकच आहे. अनुदानित वाचनालयांना ग्रंथखरेदीबरोबर खेळखरेदी करता येईल असं नियमांत स्पष्ट लिहावं, म्हणजे हिशेब तपासणीत कुणा ग्रंथपालाला उत्तरं द्यावी लागणार नाहीत. त्याच यादीत गंजिफाचा खेळायचा संच आणि कापडी सारीपाट घातला तर आपल्या चितारी आणि शिवणकाम करणाऱ्या हातांनाही काम मिळेल.

आमच्या वाचनालयापुरता ठराव मी येत्या वार्षिक सभेत मांडते आहे. पहिल्या वर्षी वीस खेळ, वीस हजारांच्या आत. त्यातले पाच आपले जुने. टेबल पहिल्या मजल्यावर, मासिकांच्या खोलीत, म्हणजे अभ्यासिकेतल्या मुलांना आवाजाचा त्रास नाही. शनिवार-रविवार दुपारी चार ते सात, वयाची अट नाही, पैसा लावायचा नाही. 'वाचनालयात पत्ते?' विचारणाऱ्या त्या गृहस्थांना मी नियम लिहायच्या समितीत यायची विनंती केली आहे. त्यांनी होकार दिला आहे. पहिला नियम त्यांनीच सुचवला, की टेबलावर अनोळखी माणूस आला तर चालू डाव संपताच त्याला सामील करून घ्यायचं.